सहावी किंकाळी

चौथी किंकाळीही वाया गेली.

"नाही जमत," कानावरचा हेडफोन काढत कल्याण म्हणाला. "झुरळ बघून ओरडल्यासारखं वाटतंय."

अरफाने दोन घोट पाणी घशाखाली ढकललं आणि पुन्हा दारापाशी जाऊन उभी राहिली. "परत करू."

दोघंही नागापूरच्या एकाच कारखान्यात पॅकिंगला होती. सुट्टीच्या दिवशी कल्याण मोबाईलवर भयपट करायचा, दहा-बारा मिनिटांचे. मागच्या वेळी त्याने भूत फार मन लावून रंगवलं होतं आणि लोक पोट धरून हसले होते. ते हसू त्याच्या जिव्हारी लागलं. म्हणून या वेळी त्याने भुतालाच रजा दिली. बंद खोली, आत न दिसणाऱ्या कुणाच्या तावडीत सापडलेली मुलगी आणि तिची किंकाळी, बस्स. डोळ्यांपुढे आणलेल्या गोष्टीला माणूस फार वेळ भीत नाही, असं त्याचं आता ठाम मत झालं होतं. मग कशाला भितो, हे मात्र त्याला अजून नीट सांगता येत नव्हतं.

खोली आबासाहेबांच्या चाळीतली होती. एका ओळीत दहा खोल्या, भिंतीला भिंत लागून. अरफा ती भाड्याने घेणार होती; म्हणजे तिच्या अम्मीने, रोशनबीने, हो म्हटलं तर. मामाकडचा मुक्काम संपला होता. अम्मी नाही म्हणाली, तर संध्याकाळच्या एसटीने तिच्याबरोबर मिरजगावला परत जायचं आणि नोकरीवर पाणी सोडायचं. खोली बघायला सकाळीच आलेली रोशनबी आता कोपऱ्यात सतरंजीवर बसून हा तमाशा बघत होती. एकटी पोर, परकं गाव, एवढंच ती दोनदा पुटपुटली होती.

"एवढं वरडताय," ती म्हणाली, "शेजारची मानसं काय म्हनतील?"

"त्याची काळजी नको, चाची. आबासाहेबांना मी मंगळवारीच फोन केलाय. घरोघर सांगून ठेवतो म्हणाले."

पाचव्या वेळी अरफा अगदी बेंबीच्या देठापासून ओरडली. शेजारच्या खोलीत सकाळपासून मोठ्याने चाललेला टीव्ही बारीक झाला. समोरच्या घराची खिडकी लागली.

"बघ, लोक किती समजूतदार आहेत," कल्याण खूश होऊन म्हणाला. "आपल्या रेकॉर्डिंगमध्ये व्यत्यय नको म्हणून सगळं बंद करतायत. किंकाळी मात्र अजून सिनेमातलीच वाटते."

अरफाचा घसा बसत चालला होता. "पुन्हा," ती म्हणाली.

रोशनबीला राहवेना. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "तू वरडतीस कुनाला?"

"कुणाला म्हणजे? भीती वाटली म्हणून ओरडते, अम्मी."

"तसं कुनी वरडत न्हाई. तुझ्या अब्बाला साप चावला तवा मी बांधावर हुते. भ्याले लई, पन भिऊन वरडले न्हाई. गावातल्या आप्पासाहेबाला नाव घिऊन हाक मारली. चार वावरं वलांडून त्यो पळत आला, म्हून तुझा बाप वाचला. मानूस यावा म्हून वरडायचं असतं."

कल्याण तिच्याकडे बघतच राहिला. दोन वर्षं तो डोकं खाजवत होता आणि चाचीने सतरंजी सोडता सोडता सांगून टाकलं.

"शेजारी कोण राहतं?" त्याने अरफाला विचारलं.

"लंकाबाई मावशी. सकाळीच ओळख झाली. काही लागलं तर हाक मार म्हणाल्या."

"मग मार."

अरफाने दाराला आतून कडी घातली. नोकरी, खोली, संध्याकाळची एसटी, सगळं एकदम तिच्या मनात आलं. तिने दोन्ही हातांनी मधली भिंत बडवायला सुरुवात केली.

"लंकाबाई मावशी, मला मारतोय हा. मावशी, लवकर या. कोणीतरी या हो."

शेवटी शेवटी आवाज फाटला आणि नुसता श्वास उरला. रोशनबीने नकळत पदर तोंडात धरला.

भिंतीपलीकडचा टीव्ही बंद झाला. थोडा वेळ काहीच नाही. मग पलीकडे दार लोटल्याचा आणि कडी सरकवल्याचा आवाज आला. त्यानंतर सगळं शांत.

कल्याणने पूर्ण मिनिटभर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. हेडफोन काढला तेव्हा त्याच्या हातावर काटा उभा होता.

"कडी ऐकलीस? मी लिहिलीसुद्धा नव्हती ती," तो म्हणाला. "मावशी तर पक्क्या कलाकार निघाल्या. हे ऐकून लोक हसले, तर मी फिल्म करणं सोडून देईन."

अरफा घामाघूम झाली होती आणि हसत होती. तिने अम्मीकडे पाहिलं. आता खरी परीक्षा तिथे होती.

रोशनबीने पदराने लेकीचं कपाळ पुसलं. "मानसं बरी हाईत हितली," ती म्हणाली. "एवढा दंगा घातला, पन येक जन कटकट करायला आला न्हाई. ऱ्हा तू हितंच."

अरफाने तिला मिठीच मारली. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता.

"मालकाला मीच सांगते," रोशनबी म्हणाली. "लाव रं फोन."

कल्याणने फोन लावून स्पीकर चालू केला.

"रोशनबी बोलते, अरफाची आई. पोरीला तुमच्या खोलीत ठिवायचं ठरीवलं."

"लई बेस झालं," आबासाहेब म्हणाले. "पोरगी आपलीच हाय, काय काळजी करू नगा. आन् तेवढं कल्याणला सांगा. मी मंगळवारपासनं शिर्डीला हाय, भाचीच्या लग्नात. त्याच्या शूटिंगचं चाळीत अजून कुनालाच बोललो न्हाई. उद्या येतो आन् घरोघर सांगतो. तवर काय चालू करू नगा म्हनावं. पोरीची किंकाळी ऐकली, तर अख्खी चाळ काठ्या घिऊन धावत यील."