पोटातून आवाज

तरुणपणी एका हाकेसरशी बसडेपो बंद पाडणारे आप्पा म्हातारपणी संपाचं नाव काढलं तरी चिडायचे. “त्यात लोकांचे हाल होतात,” म्हणायचे. आणि नेमकी त्यांचीच लेक, इस्पितळातली नर्स, उद्यापासून संपावर निघाली होती. स्वयंपाकघरात ती घोषणांची तालीम करत होती. आवाज ओट्यापलीकडे जाईना. आप्पांनी बराच वेळ पेपरात डोकं खुपसून पाहिलं, शेवटी राहवेना. “अगं, पेशंटला औषध पाजतेयस का? पोटातून आवाज काढ! शेवटचा शब्द लांबव, म्हणजे मागच्यांना उचलता येतो.” “आप्पा, तुम्हीच दाखवा ना!” आप्पांनी उठून मूठ वळली आणि अशी आरोळी ठोकली, की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. आप्पा खोकत खाली बसले. लेकीने हसत पाणी दिलं. “मला हा संप मुळीच पटलेला नाही हं,” त्यांनी बजावलं. “पण पहिली घोषणा कोण देणार?”