पोचणाऱ्याची चूक

चेंडू हातमोज्याला लागला, सुटला आणि हिरवळीवर घरंगळत गेला. तेवढ्यात समोरच्यांनी दोन धावा काढल्या. ऑकलंडमधल्या ऑफिसच्या किचनमध्ये, केटलला टेकवलेल्या लॅपटॉपसमोर बसलेल्या चिरागने हातातला घास डब्यात परत ठेवला.

या खेळाडूचं दहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, तो म्हणाला, त्यातल्या एका वर्षाच्या पैशात आपलं ऑफिस फर्निचरसकट विकत घेता येईल, आणि साहेबांना एक झेल घेता येत नाही. याच्यापेक्षा पलीकडच्या टीममधला तो दुसरा बरा. स्वस्त आहे, आणि अख्ख्या मोसमात त्याच्या नावावर एक चूक नाही.

पुरुषोत्तम याच वाक्याची वाट पाहत होता. तो चिरागचा मॅनेजर. न्यू जर्सीत आठ वर्षं काढून येताना त्याने बेसबॉलचं वेड आणि ते दुसऱ्याला समजावण्याची हौस बरोबर आणली होती. अमेरिकेतली संध्याकाळची मॅच ऑकलंडच्या जेवणाच्या सुट्टीत येते, ही सोय आपल्यासाठीच केलेली आहे अशी त्याची समजूत होती. त्याने लोणच्याचं बोट टेबलावर फिरवून मैदान काढलं. चेंडू कुठे पडत होता, हा कुठे उभा होता, कुठवर धावला, सगळं दाखवलं.

"चूक लागते ती चेंडूपर्यंत पोचलेल्याच्या नावावर," तो म्हणाला. "तो दुसरा जागचा हलत नाही. चेंडू शेजारून जातो, लोक म्हणतात, अवघड होता. त्याच्या नावावर काय लावणार? नुसत्या चुका मोजणारा माणूस खेळ बघतच नाही, चिराग."

टेबलाच्या कडेला स्वरदा पोळी-भाजी खात होती. बेसबॉलशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पण त्याच दुपारी पुरुषोत्तम तिचा वार्षिक आढावा घेणार होता, आणि टीम लीडची जागा तिला की तिच्याच टीममधल्या अक्षतला, हे तिथेच ठरणार होतं. लीडच्या पगारावर तिचा इथे कायम राहण्याचा, रेसिडेन्सीचा अर्ज बसत होता. आत्ताच्या पगारावर थोडक्यात हुकत होता, आणि व्हिसाला दोन वर्षंही उरली नव्हती.

कंपनी पगाराचं सॉफ्टवेअर बनवायची. त्यातला सगळ्यात जुना भाग, ज्याला कुणी हात लावत नसे, तो स्वरदाने मागून घेतला होता आणि वर्षभर खपून नव्याने बांधला होता. तो उत्तम चालत होता. फक्त एका बुधवारी एका गिऱ्हाइकाचे पगार सकाळऐवजी संध्याकाळी जमा झाले, आणि दिवसभर फोन वाजत राहिले. अक्षतकडे काम होतं ते स्क्रीनवरच्या रजेच्या अर्जाच्या पानांचे रंग ठरवण्याचं. अवघड काम वाटायला निघालं की त्याची नेमकी डेंटिस्टची वेळ असायची. एव्हाना त्याचे दात ऑफिसात सर्वांत निरोगी असायला हवे होते.

पुरुषोत्तमचं बोलणं ऐकून स्वरदाचा जीव भांड्यात पडला. ज्याला हे कळतं, त्याला आपलंही कळेल. तिने निवांतपणे आणखी एक पोळी खाल्ली.

आढाव्यात पुरुषोत्तमने तिच्या कामाचं मनापासून कौतुक केलं. हिंमत, चिकाटी, सगळं झालं. मग तो खुर्चीत जरा मागे रेलला.

"पण अगं, तो बुधवार आहे ना," तो म्हणाला. "अक्षतच्या नावावर एकही चूक नाही. वरच्यांना मी काय सांगू?"

तिने जेवताना सुटलेल्या त्या झेलाची आठवण करून दिली. तो मोकळेपणाने हसला. तो खेळ आहे, म्हणाला.

अक्षत लीड झाला. थोड्याच दिवसांत सुट्ट्यांच्या पगाराचा हिशोब नव्याने लिहायचं काम आलं. या देशातले त्याचे नियम भल्याभल्या अकाउंटंटना रडवतात. सकाळच्या मीटिंगमध्ये पुरुषोत्तमने कोण घेणार म्हणून विचारलं, आणि सवयीने सगळ्यांनी स्वरदाकडे पाहिलं. ती आपल्या कॉफीकडे पाहत राहिली. अवघड आहे, एवढंच म्हणाली. अशी शांतता चिरागला सोसत नाही. इथल्या लोकांसारखं स्वीट ॲज, चालतंय की, मी घेतो, असं म्हणून त्याने हात वर केला.

चिरागने ते काम केलं, आणि चांगलं केलं. गुड फ्रायडेच्या पगारात एका ठिकाणी घसरला, पण लगेच निस्तरलंही. स्वरदाने ते वर्ष अक्षतने सोडलेली पानं रंगवण्यात घालवलं. निळ्याचं हिरवं केलं, मग लोकांच्या आग्रहावरून परत निळं.

वर्षाच्या आत अक्षत, इथल्या रीतीप्रमाणे, जास्त पगारावर सिडनीला गेला. पुरुषोत्तमने स्वरदाला बोलावून घेतलं. या वर्षी तुझ्यात केवढी सुधारणा आहे, असं म्हणाला आणि लीडची जागा तिला दिली. रेसिडेन्सीचा अर्ज त्याच आठवड्यात गेला आणि यथावकाश मंजूर झाला. तिने ऑफिसात पेढे वाटले. मॅनेजरला नुसत्या नावाने हाक मारायला जीभ वळत नाही म्हणून इतके दिवस पुरुषोत्तमला काहीच न म्हणणारी स्वरदा आता बाकीच्यांसारखी त्याला पुरु म्हणू लागली.

मग चिरागचा आढावा आला. तो सिनियरची जागा मागतोय, पुरुषोत्तमने तिला सांगितलं, त्याचाही अर्ज पगारावरच अडला आहे. तुझं मत काय?

चिरागने अंगावर घेतलेलं काम किती अवघड होतं, हे ऑफिसात स्वरदाइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"माणूस सोन्यासारखा आहे, पुरु," ती म्हणाली. "पण त्याला वर घेतलं, तर अवघड कामं घेणार कोण?"

"अगदी बरोबर," पुरुषोत्तम म्हणाला. "तुझ्या वेळी मला हीच काळजी होती."