जाड आवाज

“एकशे बारा ते एकशे एकोणीस. ‘पानं खराब, वाचता येत नाहीत’ अशी नोंद टाका आणि मोकळ्या व्हा,” सर म्हणाले. मूळ पुस्तक त्यांच्या हातात होतं, बोट नेमकं एकशे बाराव्या पानात.

तिने पडद्यावर पाहिलं. आठही पानं धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती. एक अक्षर फुटलेलं नाही, कुठे डाग नाही.

तिचं काम तपासनिसाचं. स्कॅन केलेलं पुस्तक संगणक वाचतो खरा, पण वाचताना असे काही दिवे लावतो की विचारू नका. ‘घर’ला ‘धर’ म्हणतो, ‘भात’ला ‘मात’. ती ओळ न् ओळ मूळ पानाशी ताडून पाहायची. मगच ते पुस्तक डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्यांच्या फोनवर जायचं आणि फोन ते त्यांना वाचून दाखवायचा. अकरा वर्षं हेच चाललं होतं. एखादं पान खरंच फाटलेलं निघालं, तर त्याची नोंद पुस्तकाच्या सुरुवातीलाच टाकायची. नियम सरांनीच घालून दिलेला आणि त्यांच्याच डोक्यामागच्या भिंतीवर चौकटीत लावलेला: ‘पान का नाही, ते वाचकाला खरं सांगावं.’

आणि या आठ पानांत होतं तरी काय? पन्नाशीची एक विधवा, तिच्यावर जीव जडलेला एक घड्याळं दुरुस्त करणारा, आणि दार लावून घेतलेली एक दुपार. बस.

“पानं चांगली आहेत, सर.”

“पानं चांगली आहेत हो, मजकूर चांगला नाही! आपले वाचक साधे लोक. माझी आई ऐकते ही पुस्तकं. पहिली प्रत तिलाच जाते, ठाऊक आहे ना? ब्याऐंशीव्या वर्षी तिने हे ऐकायचं?”

ठाऊक नसायला काय झालं! आईची नजर गेली म्हणून सरांनी हे ऑफिस काढलं, हे इथल्या पंख्यालासुद्धा पाठ होतं. माणूस वाईट नव्हता. पण चांगल्या माणसांचं हेच तर दुखणं, दुसऱ्याच्या भल्याचा मक्ता घेऊन बसतात.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. कारण हे पाप तिने स्वतः केलं होतं. तिच्या धाकट्या बहिणीला जन्मापासून दिसत नव्हतं. ही तिला पुस्तक वाचून दाखवायची, धाकटी मांडी ठोकून ऐकायची. आईची ताकीद असायची, नको ते गाळत जा. एकदा हिने हळूच दोन पानं एकदम उलटली. धाकटी म्हणाली, “ताई, जाड आवाज आला. दोन पानं उलटलीस ना?” हिने साफ नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर धाकटीने पुन्हा कधी ‘ताई, वाच ना’ म्हटलं नाही. कधीच नाही. इतकी वर्षं झाली, तरी ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

“खोटी नोंद मी टाकणार नाही,” ती म्हणाली. “खरी टाकीन.”

“काय हवी ती टाका! पण ती पानं जाता कामा नयेत. आणि जमत नसेल, तर उद्यापासून दुसरीकडे काम बघा.”

बरं. काय हवी ती. तिने बोटं कडाकडा मोडली आणि टाइप केलं:

‘पानं ११२ ते ११९ उत्तम स्थितीत आहेत. सर्व अक्षरं स्पष्ट आहेत. वाचकांनी ती ऐकू नयेत असं संचालकांना वाटतं, म्हणून गाळली आहेत. कुणाला हवी असल्यास त्यांच्याशीच बोलावं.’

खाली सरांच्या टेबलावरच्या फोनचा नंबर. तो दोनदा ताडून पाहिला. अकरा वर्षांची सवय, जाते थोडीच!

मग पाठवायचं बटण दाबलं. जायचंच आहे, तर उद्याची वाट कशाला बघा? डबा, चष्म्याचं घर, खुर्चीवरची उशी, सगळं तिने पिशवीत भरलं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. पण मान ताठ होती.

दहा मिनिटांत सरांच्या टेबलावरचा फोन वाजला. दार उघडंच होतं. आणि आईंचा आवाज असा खणखणीत, की त्यांना फोन निव्वळ शोभेला.

“काय रे, कुठली पानं गाळलीस?”

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी दारातून तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने पाहू दिलं.

“आई, ते... तुझ्यासारखीने ऐकण्यासारखं नाही गं.”

“आणि तू वाचलंस ते? डोळे गेलेत माझे, अक्कल नाही गेली. तुम्हां चार भावंडांना मी काय बाजारातून आणलं का रे?”

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

“बरं, बरं. पाठवायला सांगतो. आत्ता लगेच.”

“ती तर पाठवच, सगळ्यांना पाठव. पण मला तेवढा धीर नाही. पुस्तक आहे ना जवळ? काढ एकशे बारा आणि वाच. मोठ्याने.”

“आई, अगं इथे सगळे बसलेत...”

“बसू देत. त्यांनाही ऐकू दे.”

सरांनी पुस्तक उघडलं. घसा खाकरला. तिने पिशवी खाली ठेवली.

“आणि हे बघ,” फोनमधून आवाज आला, “दोन पानं एकदम उलटू नकोस. जाड आवाज येतो.”