हा आपटा नव्हे

शरद सर सकाळी सातपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. दसरा होता, आणि दसऱ्याला सरांचा अख्ख्या महाडवर राग असायचा.

कारण फाटकातला कांचन. दोन हजार एकवीसच्या पुरात अंगणातलं सगळं गेलं, हे वीतभर रोप तेवढं चिखलातून वर आलं. सरांनी ते लेकरासारखं वाढवलं. जांभळी फुलं येतात म्हणे, दिवाळीला फाटक भरून जातं म्हणे. म्हणेच, कारण सरांनी एकही फूल पाहिलं नव्हतं. झाड कळीला येतं ते नेमकं दसऱ्याच्या तोंडावर, आणि पान आपट्यासारखंच, मधे चिरलेलं. लोक आपटा समजून फांद्याच्या फांद्या ओरबाडत. पानांबरोबर कळ्याही जात. गेली दोन वर्षं हेच. यंदा पासष्ट कळ्या होत्या, सरांनी मोजल्या होत्या. काही झालं तरी यंदा फूल बघायचंच, असा त्यांचा निश्चय होता.

चारुशीलाबाईंनी नवऱ्याला सोपा उपाय सांगितला होता. 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावा. सरांना पटेना. एक तर घरात कुत्रं नाही. शिवाय सर शिवथरच्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. लोक वाईट नसतात, त्यांना ठाऊक नसतं, नीट सांगितलं की कळतं, असं ते छातीठोकपणे म्हणत. आणि त्याच तोंडानं दर जेवणाला हेही म्हणत, की बत्तीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतलं, एकाच्याही डोक्यात काही राहिलं नाही. हे दुसरं त्यांना खरोखर लागलेलं होतं.

तर पाटी झाली. सरांनी भरत पेंटरकडे चौदा ओळींचा मजकूर नेला होता, त्यात झाडाचं कूळ होतं आणि एक श्लोकही. भरत म्हणाला, फळी एवढीच आहे. बरीच हुज्जत होऊन दोन ओळी उरल्या. पिवळ्याधमक अक्षरांत, शुद्धलेखन तपासून:

हा आपटा नव्हे.
हा कांचन आहे.

पाटी लागू पडली. माणसं फाटकाशी थांबत, वाचत, मान डोलावत आणि सरांना नमस्कार करून पुढे जात. बारापर्यंत एका पानाला हात लागला नाही. सर आत येऊन बायकोला म्हणाले, बघ, सांगितलं की कळतं. मग निर्धास्तपणे श्रीखंड-पुरी जरा जास्तच खाऊन ते आडवे झाले.

उठले तेव्हा चार वाजले होते. फाटकात खोड होतं, चार काटक्या होत्या आणि पाटी होती. पाटीला कुणी धक्कासुद्धा लावला नव्हता. सर पायरीवरच बसले. सत्तरीच्या माणसानं झाडापायी रडावं याची त्यांना लाज वाटली, पण डोळे भरून आलेच. चारुशीलाबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी कुत्र्याचा विषय काढला नाही.

तेवढ्यात गोमाजी आला. शिवथरचा शेतकरी, सरांचा जुना विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला. दर दसऱ्याला तो सरांना सोनं द्यायला न चुकता यायचा. आज त्याच्या ओंजळीत तळहाताएवढी पानं होती, आणि पानांत दोन कळ्या. सरांनी आपल्या कळ्या ओळखल्या.

"सोनं घ्या सर," म्हणत तो पाया पडायला वाकला.

"गोमाजी, फाटकावरची पाटी वाचली नाहीस?" सरांनी विचारलं.

"वाचली ना. दुपारी आलो तवा तुमी निजलेलात. लोक पाटी वाचून माघारी जात होते, त्यांना कायच कळला नाय. मग मीच अर्थ सांगितला सगळ्यांना. तवा लोकांनी घरून आणलेला आपटा टाकला नि ह्योच तोडला."

"कसला अर्थ?"

गोमाजी शाळेतल्यासारखा ताठ उभा राहिला.

"सोनं, सुवर्ण, कनक, हेम, कांचन. ह्या शेवटच्या शब्दापायी तुमी मला तासभर अंगठे धरून उभा केलावता, सर. कसा इसरीन?"