ओल्या आयसिंगमधलं बोट

वारज्यातल्या फ्लॅटमध्ये तनुजा ऑर्डरच्या कुकीज करायची. आयसिंगमध्ये सुरीने ओढलेली रेघ दहा मोजेपर्यंत मिटली की ते जमलं. मग पंख्याखाली वाळलं की काचेसारखं चमकतं. तिची चार वर्षांची लेक राजनंदिनी मात्र त्या ओल्या आयसिंगमध्ये हमखास बोट खुपसायची आणि ओरडा खायची.

ती तापाने गेली, त्याला सहा वर्षं झाली. तिच्या वाढदिवसाला तनुजा आजही कुकीज करते, खोलीला कडी घालून वाळवते, आणि दर वेळी एकीवर बोट उमटलेलं असतं. तेवढी एक ती डब्यात जपून ठेवते.

"तुझंच लागत असणार," नवरा म्हणतो.

यंदाची कुकी ठेवताना तिने आधीच्या पाच शेजारी मांडून पाहिल्या.



बोट दर वर्षी थोडं थोडं वाढत होतं.