फुलाफुलांच्या बाह्या

“कमरेतून चाला, डॉक्टर! परेडला निघाल्यासारखे काय चालताय?” आ-ग्वेई मावशी हसून हसून भिंतीला टेकली.

डॉक्टर ग्वो थबकले. अंगात मावशीचा सदरा, हातांवर तिच्या फुलाफुलांच्या सुट्या बाह्या, डोक्यावर बांबूची टोपी आणि टोपीवरून हनुवटीखाली आवळलेलं फुलांचं फडकं. उघडे फक्त डोळे. तैवानमधल्या पिंगतुंगच्या उन्हात अननसाच्या मळ्यात राबणाऱ्या बायका अशाच दिसतात. मावशी याच वेषात रोज वाघांना कोंबड्या घालायची.

“हसू नका, मावशी. तिनं ओळखलं तर सगळी मेहनत पाण्यात.”

ती म्हणजे बाओचू, या वन्यप्राणी केंद्रातली सगळ्यात म्हातारी वाघीण. खालच्या गावातल्या भटक्या कुत्र्यांत डिस्टेंपर हा जीवघेणा रोग पसरला होता, आणि तो वाघांनाही सोडत नाही. बाकी सगळ्यांचं रक्त तपासून झालं होतं. हिची मूत्रपिंडं थकलेली. बेशुद्ध केली तर पुन्हा उठेल याची खात्री डॉक्टरांनाच नव्हती. म्हणून तिची देखभाल करणाऱ्या श्यू-लाननं तिला गजांखालच्या फटीतून शेपूट बाहेर द्यायला शिकवलं होतं. शेपूट ती कुणालाही द्यायची. डॉक्टर दिसले, की मात्र गजांवर झेप. आजवर बेशुद्धीच्या सुया त्यांनीच मारलेल्या.

“साबण लावला नाहीत ना? वासानं ओळखेल ती,” श्यू-लाननं विचारलं.

“नाही. बायकोनं रात्री बाहेरच्या खोलीत झोपवलं.”

आत गजांच्या अलीकडे श्यू-लान वाघिणीच्या तोंडाशी बसली, डॉक्टर शेपटीशी. बाह्यांना कोंबड्यांचा वास होता. बाओचूनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. डॉक्टरांनी श्वास रोखला.

“बाओचू, शेपूट,” श्यू-लान म्हणाली.

फटीतून शेपूट सरकत आलं आणि डॉक्टरांच्या मांडीवर पडलं.

सुई टोचली तशी शेपटीला एक झटका बसला. श्यू-लाननं पटकन मांसाचा तुकडा पुढे केला. शेपूट तिथंच राहिलं. नळीत गडद रक्त चढलं.

बाहेरच्या कट्ट्यावर डॉक्टरांनी तपासणीच्या पट्टीवर थेंब सोडला. तिघांची डोकी पट्टीवर वाकली. एक रेघ उमटली. दुसरी उमटेना. वेळ भरली, तरी उमटेना. करोनानंतर हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही. मावशीनं डॉक्टरांच्या पाठीत अशी थाप मारली, की त्यांची टोपी वाकडी झाली.

ती सावरत ते पिंजऱ्यावरून निघाले, तर बाओचू उठून गजांशी आली. गजांवर गाल घासला आणि नाकातून हलकेच हवा सोडली: फुर्र, फुर्र.

“घाबरू नका,” श्यू-लान हळूच म्हणाली. “आपलं माणूस दिसलं की असंच करते.”

या वाघिणीला डॉक्टरांनी तीनदा मरणातून ओढून आणलं होतं, आणि दरवेळी वाट्याला आली होती डरकाळी.

“चला डॉक्टर, झालं ना?” मावशी म्हणाली.

“झालं,” ते म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले. मग फडक्याआड ओठ मिटून त्यांनीही नाकातून हवा सोडून पाहिली. जमलं नाही.

बाओचूनं पुन्हा एकदा करून दाखवलं.