बंदीला एक मत

दारूबंदी राहिली तर सानेल्माला चोरून विकलेल्या स्पिरिटच्या दर डब्यामागं शंभर मार्क सुटत राहणार होते. उठली तर उरणार होता फक्त हिवाळी जाळ्यातल्या मासळीतला, नवऱ्यामागं आलेला एक वाटा. हे गणित साऱ्या बेटाला पाठ होतं. म्हणून मतमोजणीच्या दुपारी ती शाळेत आली तेव्हा बायकांनी सरकून तिला जागा दिली, ती जरा जास्तच ऐसपैस.

"आज तुझा धंदा पुरायचाय," नेस्तोर म्हणाला. "काळे कपडे घालून यायचंस."

"एका विधवेनं किती वेळा घालायचे?"

बर्फाखालून जाळं ओढणाऱ्या मंडळीचा नेस्तोर म्होरक्या. दारूबंदीनं बारा वर्षांत काय दिलं ते तो बोटांवर मोजून सांगे. भाऊ दुसऱ्यांदा तुरुंगात. कस्टमच्या शिपायांनी तान्ह्या लेकीच्या पाळण्यातली गादी उसवली. आणि पूर्वी लग्नाकार्यात पिणारी माणसं आता सकाळच्या कॉफीच्या कपातून पीत होती. आता हेलसिंकीनं देशालाच विचारलं होतं, बंदी ठेवू की उठवू?

"ऐकून ठेवा," तो म्हणाला. "ज्याची रेघ बंदीच्या बाजूनं निघेल, त्याला आपल्या जाळ्यातला एक मासा मिळणार नाही. मग ती माझी आई का असेना."

"मतदान गुप्त असतं, नेस्तोर," मास्तर पुटपुटले.

"सत्तर माणसांत कसलं आलंय गुप्त!"

कोपऱ्यातून म्हाताऱ्या आपेलीनं बाकावर मूठ आपटली. तो मंडळीची जाळी सांधायचा. बदल्यात त्याला मासे मिळत आणि होडीघरात चुलीशेजारी झोपायला जागा. बंदीला त्याच्याइतक्या शिव्या कुणी घातल्या नव्हत्या.

"उठवा एकदाची! दुकानात बाटल्यांची रांग बघू दे मरायच्या आधी. ही बया चमच्यानं मोजून देते, खोकल्याचं औषध असल्यासारखी!"

सगळे हसले. सानेल्माही हसली.

मास्तरांनी पेटी उपडी केली. पसंतीच्या चौकटीत पेन्सिलीनं एक रेघ ओढायची, एवढंच काम होतं. एकेक पत्रिका उलगडत गेली. उठवा. उठवा. उठवा. एकोणसत्तर झाल्या. सत्तरावीला मास्तर थांबले.

"राहू द्या," त्यांनी वाचलं.

सगळ्या माना सानेल्माकडं वळल्या.

नेस्तोरनं पत्रिका हिसकावली आणि तिच्या नाकासमोर धरली. हे नियमात बसत नव्हतं. पण नियमात बसणारं बेटावर उरलं तरी काय होतं! सानेल्मानं चष्मा लावला. रेघ चौकटीत सुरू होऊन थरथरत चौकटीबाहेर गेली होती. तिनं ती बराच वेळ पाहिली.

"तुझीच ना?"

"माझीच."

"लाज नाही वाटत?"

"विकताना वाटली नाही, आता कशाला वाटेल? तुम्ही सगळे माझ्याच मागल्या दारानं येऊन गेलात. नेस्तोर, तू तर ईस्टरलासुद्धा. खाली बघू नकोस, वर बघ."

"वाटा गेला तुझा."

"ऐकू येतं मला."

तिनं कोटाची बटणं लावली, अगदी सावकाश, आणि सगळ्यांच्या मधून ताठ मानेनं बाहेर पडली.

गोठलेल्या खाडीवर ती अर्ध्यात पोचली तोच मागून आपेलीची धाप ऐकू आली.

"थांब गं! खोटं का बोललीस? उठवा म्हणून रेघ ओढलीस तू. तुझ्या मागंच उभा होतो मी, पाहिलं सगळं."

"बारा वर्षं एक कान जागा ठेवून झोपले, आपेली. कंटाळले."

"मग त्यांना तसं सांगायचं!"

"सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं माणूस शोधलं असतं. सापडायला कितीसा वेळ लागणार होता? आणि होडीघरातून बाहेर काढल्यावर या थंडीत तू किती रात्री काढल्या असत्यास?"

आपेलीनं थरथरणारे हात काखेत दडपले.

"एवढंच सांग," ती म्हणाली. "सगळ्यात मोठ्यानं तूच ओरडत होतास. मग मत बंदीला कसं?"

म्हाताऱ्यानं बुटाच्या टोकानं बर्फ उकरला.

"दुकानदार मला कधी 'आज एवढंच, आता घरी जा' असं म्हणेल का गं?"